तिसऱ्या

पुस्तकातलं नाणं मला कधी पटलं नाही.
बाजू दोन, म्हणून निम्मं निम्मं,
आणि उत्तर आधीच छापलेलं शेवटच्या पानावर.

जेवणानंतरचा तास. शिवोलीची शाळा, नववीचा वर्ग,
खिडकीबाहेर शापोरा ओहोटीला लागलेली.
बेनिसियोने दहा वेळा नाणं उडवलं,
सात वेळा छापा.
म्हणाला, सर, पुस्तक खोटारडं.

खोटारडं नाही रे. तूच उतावळा.

तेवढ्यात सुकांतीने डबा पुढे केला.
रात्रीच्या सुक्यातले रिकामे शिंपले,
धुऊन आणलेले, तरी खोबऱ्याचा वास.
"ह्याचं काय लिहिलंय पुस्तकात?"

काही नाही लिहिलेलं.
बाजू ह्यालाही दोनच:
तोंड वर तर उताणा, पाठ वर तर पालथा.
पण पाठीला पोक, काठ पातळ,
ह्याला निम्मं कोण म्हणेल?
आणि निम्मं नाही, तर किती?

वीस वर्षं शिकवतो आहे.
ज्याचं उत्तर माझ्याही खिशात नाही
असा प्रश्न वर्गात पहिल्यांदाच आला.

मग मोजायचं. दुसरं काय.
चार रेघा उभ्या, पाचवी तिरकी,
फळाभर बुटकी कुंपणं.
दहा फेकींत तीन उताणे. शून्य पूर्णांक तीन.
पन्नासांत तेवीस. एकदम शून्य पूर्णांक सेहेचाळीस!
बेनिसियो खूश, निम्म्याच्या जवळ आलं म्हणून.
दोनशेंत अठ्ठ्याहत्तर. उतरलं एकोणचाळीसवर.
आकडा हलत होता
नुकत्याच बांधलेल्या होडीसारखा,
आधी मोठ्याने, मग थोडा,
मग नुसता पाण्याबरोबर.

मध्येच आठ पालथे ओळीने पडले.
"आता उताणाच पडणार, त्याची पाळी आली."
मी शिंपला त्याच्या तळहातावर ठेवला.
बघ, पाठीवर किती रेघा आहेत,
जगला तेवढा काळ ह्याने अंगावर काढून ठेवलाय.
पण मघाची फेक? तिची एक तरी रेघ दिसते?
फेक विसरतो तो, पडल्या पडल्या.
पाळी आपण लावतो.

त्याला पटलं नाही. नववा पालथाच पडला
तेव्हाही पटलं नाही.

खिडकीतून सुकांतीची आई दिसत होती,
कमरेएवढ्या पाण्यात, अंगठ्याने चिखल चाचपत.
माडांच्या अंगाला वीसदा अंगठा टेकला
तर सहा-सात तिसऱ्या लागतात,
पुलाखाली एखाद-दुसरी.
तिने कधी भागाकार मांडला नाही,
पण ती पुलाखाली जात नाही.
आणि एखाद्या दिवशी माडांकडूनही
पाटी रिकामी घेऊन येते,
साडीचा ओचा पिळते,
उद्या परत तिकडेच जाते.

पाचशे झाल्या तेव्हा घंटा झालेली,
कुणी उठलं नव्हतं.
उताणे एकशे शहाण्णव. पालथे तीनशे तीन.
शून्य पूर्णांक तीनशे ब्याण्णव, मी लिहिलं,
खाली दोन रेघा मारल्या.
सुकांती म्हणाली, म्हणजे आता पाचशे एकावा कसा पडेल?
ते नाही सांगता येत, बाय.
हा आकडा गर्दीला ओळखतो,
एकट्यादुकट्याला नाही.

मग बेरीज केली आणि चपापलो.
चारशे नव्व्याण्णव.
एक फेक कुठे गेली? कोण चुकलं मोजताना?

कुणीच नाही, सर.
तिने वही माझ्याकडे फिरवली.
एक शिंपला बाकाच्या फटीत
उभाच राहिला होता, काठावर,
उताणा नाही की पालथा नाही.
बेनिसियो म्हणाला होता, धरू नको, परत फेक.
तिने धरला होता.
दोन रकान्यांच्या शेजारी
पट्टीने आखलेला तिसरा रकाना,
आणि त्यात
एक रेघ.